दुधाचीच तर आहे!

दोन महिन्यांपूर्वीचा एक रविवार. सकाळचे आठ. फोनवर ताई. आता फ्रीलान्स पत्रकाराला रविवारी सकाळी आठला उठवायची हिंमत दोघांचीच, एक एडिटरची आणि दुसरी घरच्यांची. एडिटरचा फोन सायलेंटवर टाकता येतो. ताईचा नाही.

‘‘चिकू रात्रभर झोपला नाहीये गं. दाढ ठणकतेय. आता गाल पण सुजल्यासारखा दिसतोय. खालच्या डॉक्टरांकडे नेते आणि काढूनच टाकते एकदाची.’’

‘‘काढून?’’

‘‘अगं, दुधाचीच तर आहे! पडणारच आहे ना कधीतरी.’’

झोप खाडकन उडाली. हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. बावीस वर्षांपूर्वी, साताऱ्यात, आईच्या तोंडून आणि माझ्याच दाढेबद्दल. त्या वाक्याचे हप्ते मी सध्या दर महिन्याला भरतेय.

ज्यांनी मला अलीकडे पाहिलं नाही त्यांच्यासाठी अपडेट : वय वर्षं अठ्ठावीस आणि तोंडात ब्रेसेस. हो, या वयात! शाळकरी पोरांना तारा लावल्या की ती क्यूट दिसतात. आपण लावल्या की बिल्डिंगमधल्या काकू हळूच विचारतात, ‘‘काय, ठरलंय वाटतं कुठे?’’ मध्ये एका सिनेमाच्या प्रेस कॉन्फरन्सला मी एकदम कडक प्रश्न विचारला. हीरो माझ्याकडे बघून जरा जास्तच हसला. मी खूश. नंतर वॉशरूमच्या आरशात बघितलं तर पुढच्या तारेत बटाटेवड्यातली अख्खी कोथिंबीर. असो.

तर माझी स्टोरी अशी. साडेपाच वर्षांची असताना वरची डावीकडची शेवटची दुधाची दाढ किडली. गावातल्या एका डॉक्टरांनी ती काढली. मी भोकाड पसरलं, बाबांनी कुल्फी घेऊन दिली, आणि दाढ कौलावर फेकून उंदीरमामाकडे नवी मागितली. विषय संपला. उंदीरमामाने नवी पाठवलीही, पण बारा वर्षांची झाल्यावर, आणि ती आली ती भलतीकडेच. रांग सोडून आत, टाळूच्या बाजूला. आत्या म्हणाली, ‘‘असा दात नशीबवानाला असतो.’’ एका डॉक्टरांनी तेव्हा तारा लावायला सांगितलं होतं. पण त्या वर्षी ताईची इंजिनीअरिंगची अ‍ॅडमिशन होती. घरात फी भरायची की तारा लावायच्या, हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारलासुद्धा नाही. मी तर नाहीच. मला तर सुटल्यासारखं वाटलं होतं.

सव्वा वर्षापूर्वी स्वतःच्या पैशाने ऑर्थोडॉन्टिस्टकडे गेले तेव्हा त्या मॅडमनी एक्स-रे लाइटवर लावला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘‘इथली दुधाची दाढ फार लवकर काढली होती का?’’ मी चाट! बावीस वर्षांपूर्वीची कुल्फी एक्स-रेमध्ये दिसते?

दिसते. कशी, ते सांगते.

आम्ही साताऱ्याची माणसं, त्यामुळे मला हे एसटीच्या भाषेतच कळलं. स्टँडवर गाडी लागली की खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचा. माणूस मागाहून चढतो, पण जागा त्याची. दुधाची दाढ म्हणजे तो रुमाल. तिच्याखाली हाडात खरी मालकीण, म्हणजे उपदाढ, हळूहळू तयार होत असते आणि ती गाडीत चढते दहाव्या-बाराव्या वर्षी. आता रुमाल कुणी साडेपाचाव्या वर्षीच उचलला तर? सीट पाच-सहा वर्षं रिकामी. आणि त्याच सुमाराला मागच्या दाराने एक जाडजूड बाई आत शिरते : सहाव्या वर्षाची दाढ.

ही दाढ जाम महत्त्वाची, आणि बहुतेक आईबाबांना ती आलेली कळतच नाही. कारण ती येताना कुठलाच दात पडत नाही. दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, रिकाम्या हिरडीतून ती गुपचूप उगवते. घरच्यांना वाटतं हीसुद्धा दुधाचीच. नाही हो! ती कायमची, जन्मभराची. अमेरिकेतल्या एडवर्ड अँगल या दंतवैद्याने १८९९ मध्ये दातांच्या ठेवणीचे प्रकार पाडले तेव्हा मोजपट्टी म्हणून हीच दाढ धरली. वरची सहाव्या वर्षाची दाढ खालचीच्या खाचेत नीट बसली तर ठेवण बरोबर, पुढे-मागे सरकली तर बिघडलेली. आजही ऑर्थोडॉन्टिस्ट तेच वर्गीकरण वापरतात.

आणि या बाईंचा स्वभाव पुढे सरकण्याचा. समोर दुधाची दाढ असली की ती तिला टेकून सरळ उभी राहते. समोर मोकळी जागा दिसली की ‘जरा सरकून घ्या’ म्हणत पुढे कलंडते. वरच्या जबड्यात तर खालच्यापेक्षा जास्तच. वाईट म्हणजे हे वर्षानुवर्षं आरामात होत नाही. जागा जायची ती बरीचशी दाढ काढल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांतच जाते. म्हणजे मी पहिलीत अ, आ, ई गिरवत होते तेव्हाच माझा निकाल लागला होता!

माझ्या उपदाढेला साडेसहा-सात मिलिमीटर जागा हवी होती, उरली होती तीन. ती बिचारी आत वळली. पुढे सरकलेल्या दाढेचा खालच्या दाढेशी मेळ बसेना. वरचा उंचवटा खालच्या खाचेत पडायच्या ऐवजी उंचवट्यावर उंचवटा. मग मी नकळत उजव्या बाजूनेच चावायला लागले. आता हाडात एक बारका स्क्रू बसवून त्या दाढेला मागे ढकलायचं काम चाललंय. सव्वा वर्ष झालं, अजून दहा महिने तरी. खर्च पासष्ट हजार, हप्त्याने. या पैशात माझा लॅपटॉप आला असता.

हे सगळं डोक्यात एकदम आलं आणि मी ताईला म्हटलं, ‘‘थांब. काढू नकोस. मी येते.’’

‘‘अगं पण गाल सुजलाय त्याचा! तू काय लेख लिहितेस का त्याच्यावर?’’

(ताई, लिहिलाच बघ.)

तिचंही बरोबर होतं. मी माझ्या ऑर्थोच्या मॅडमना फोन लावला, तेव्हा त्यांनी पहिलं तेच सांगितलं : गाल सुजलाय म्हणजे उद्यावर ढकलायचं नाही, आजच दाखवा. पण दाखवायचंच तर पीडोडॉन्टिस्टला दाखवा. म्हणजे लहान मुलांच्या दातांचे स्पेशालिस्ट, बीडीएसनंतर त्यातच तीन वर्षांचं एमडीएस केलेले. मला हा प्रकारच माहीत नव्हता. पेडियाट्रिशियन सगळ्यांना माहीत असतो, हा का नसतो कोण जाणे! ठाण्यात रविवारी सकाळी उघडं असलेलं एक क्लिनिक सापडलं. गोरेगावहून मी पोहोचले तेव्हा ताई, चिकू आणि चिकूचा डायनोसॉर वेटिंग रूममध्ये बसले होते. तिघांचेही चेहरे सारखेच.

एक्स-रे निघाला. खालची डावी बाजू. मॅडमनी तो स्क्रीनवर मोठा केला आणि चिकू रडायचं विसरला. दुधाच्या दाढांच्या मुळांखाली हाडात पांढऱ्या कळ्यांसारखे नवे दात दिसत होते.

‘‘माझ्या आत अजून दात आहेत?’’

‘‘आहेत ना राजा. बाहेर यायची वाट बघतायत.’’

‘‘मग शार्कचे?’’

‘‘शार्कला आयुष्यभर नवे येतात. तुला एकदाच.’’

चिकूला यात मोठा अन्याय वाटला. मला पण.

एक्स-रेतली बातमी अर्धी वाईट होती. त्या बाजूच्या दोन्ही दुधाच्या दाढा किडलेल्या. पुढचीच्या मुळाशी पू होऊन हाड खराब झालं होतं, ती वाचणार नव्हती. पण मागची, म्हणजे सहाव्या वर्षाच्या दाढेला टेकू देणारी, वाचवता येणार होती. दुधाच्या दाढेचंही रूट कॅनाल होतं, मंडळी! त्यात भरायचं औषध वेगळं असतं, दाढेच्या मुळांबरोबर विरघळून जाणारं, म्हणजे खालच्या नव्या दाताला वाट मोकळी. वर स्टीलची तयार टोपी. आणि जी काढायची तिच्या जागी स्पेस मेन्टेनर.

स्पेस मेन्टेनर म्हणजे काय हे मी इतक्या महिन्यांत आठ-दहा जणांना सांगितलंय, तर तुम्हालाही सांगते. शेजारच्या दाढेभोवती स्टीलची एक रिंग, आणि तिच्यातून निघालेला तारेचा वळसा, जो रिकाम्या जागेवरून जाऊन पुढच्या दाताला टेकतो. बस. यापेक्षा जास्त काही नाही. चावायला उपयोग नाही, दिसायला काही खास नाही. फक्त रुमाल. मधून नवा दात डोकावला की डॉक्टर तो काढून टाकतात. दोन्ही बाजूंच्या दाढा गेल्या असतील तर सगळ्या रांगेच्या आतून जाणारी एक तार बसवतात. आणि मागची दाढ सहाव्या वर्षाची यायच्या आधीच गेली, म्हणजे माझी केस, तर टेकायला मागे दातच नसतो. मग हिरडीच्या आत थोडी पट्टी जाईल असा वेगळा प्रकार करतात आणि येणाऱ्या दाढेला वाट दाखवतात. थोडक्यात, माझ्यासाठीसुद्धा उपाय होता.

ताईने विचारलं ते तुम्हीही विचाराल. मग प्रत्येक पडलेल्या दाताला हे लावायचं? नाही. पुढचे पटाशीचे दात पडझडीत गेले तर जागा सहसा फारशी जात नाही. तिथे प्रश्न बोलण्याचा आणि फोटोचा. खालचा सुळा लवकर गेला तर मात्र पुढचे दात त्या बाजूला कलतात आणि मधली रेषा सरकते. दाढ गेलीये, पण खालचा दात हिरडीच्या अगदी जवळ आलाय, तर नुसती वाट बघितली तरी चालतं. आणि खालचा कायमचा दात जन्मतःच नसेल तर सगळाच प्लॅन वेगळा. म्हणून एक्स-रे. यात आणखी एक वाकडा फंडा आहे : दुधाची दाढ फार लवकर काढली तर वरचं हाड भरून येतं आणि नवा दात उलट उशिरा येतो. म्हणजे जागा अडवणारे लवकर येणार आणि मालकीण लेट!

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र वेगळीच. दुधाच्या दाढा त्यांच्या जागी येणाऱ्या उपदाढांपेक्षा चक्क रुंद असतात. दुधाचा सुळा आणि दोन दाढा एकत्र मोजल्या तर खाली एका बाजूला सरासरी १.७ मिलिमीटर आणि वर ०.९ मिलिमीटर जागा जास्तीची असते. ही चिल्लर निसर्गाने बाजूला ठेवलेली असते, वरखालच्या दाढा शेवटी नीट बसाव्यात म्हणून. पण दाढ किडून बाजूने झिजली तरी ती चिल्लर खर्च होते, पडायचीही गरज नाही. म्हणजे नुसतं वेळेवर सिमेंट भरणं हेसुद्धा जागा राखणंच. पावणेदोन मिलिमीटर! एवढ्या जागेत आपण पेपरमध्ये नावसुद्धा छापत नाही.

मग तो प्रश्न आला, जो यायचाच होता. ‘‘बाटली किती वर्षं होती?’’ ताई गप्प. तीन वर्षांपर्यंत, रात्री दूध पीत पीत झोपायचा. झोपेत लाळ कमी होते आणि दूध दातांवर बसून राहतं. जिजू तेव्हा दुबईत, ताईची नाइट शिफ्ट, आणि झोपणारं पोर म्हणजे वरदान. मॅडमनी लेक्चर नाही दिलं. एवढंच म्हणाल्या, पोराला बुटाची नाडी नीट बांधता येईपर्यंत ब्रश आपण करून द्यायचा, सात-आठ वर्षांपर्यंत, वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट घेऊन. आणि दात दाखवायला दुखायची वाट बघायची नाही. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक डेंटिस्ट्री तर पहिल्या वाढदिवसापर्यंत पहिली भेट व्हावी म्हणते. आपल्याकडे पहिल्या वाढदिवसाला केक असतो.

पाच चकरा झाल्या. आधी औषधं, मग एकीचं रूट कॅनाल, दुसरी काढली, माप घेतलं, टोपी बसली, तारेचा वळसा बसला. एकूण खर्च चौदा हजारांच्या आसपास, त्यात नुसता मेन्टेनर साडेतीन हजार. कमी नाही. मुंबईत नायर हॉस्पिटलच्या डेंटल कॉलेजमध्ये किंवा सरकारी दंत महाविद्यालयात मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे, तिथे खिशाला पुष्कळ कमी चाट बसते, रांग मात्र धरायची तयारी हवी. बसवून झालं की सुटलो असंही नाही. चिक्की, च्युइंगगम, चिकट चॉकलेट बंद. रिंग सैल झाली तर लगेच दाखवायचं, नाहीतर आतून दाढ किडते. दर काही महिन्यांनी तपासणी, आणि नवा दात यायला लागला की काढायचं, नाहीतर हाच रुमाल मालकिणीच्या वाटेत येतो. चिकू दहा-अकरा वर्षांचा होईपर्यंत हे चालणार. ताईने फोनमध्ये रिमाइंडर लावलेत. तिच्या कंपनीतले प्रोजेक्ट एवढे चालत नाहीत.

आता खरी गोष्ट.

दाढ काढली त्या दिवशी आई साताऱ्याहून आली होती. दुपारी चिकूला झोपवून आम्ही तिघी स्वयंपाकघरात बसलो होतो. ताई उत्साहात आईला सगळं सांगत होती. रुमाल, एसटी, सहाव्या वर्षाची दाढ, पहिले सहा महिने. मी डोळ्यांनी खुणावत होते, पण ताई सुसाट. आई भात कालवत ऐकत होती. मग तिने माझ्याकडे बघितलं. तोंडाकडे. तारांकडे.

‘‘म्हणजे हे माझ्यामुळे झालं का गं?’’

काय बोलणार? डिग्रीत मुलाखत कशी घ्यायची ते शिकवतात, असल्या प्रश्नाचं उत्तर कसं द्यायचं ते नाही.

‘‘नाही गं. मॅडम म्हणाल्या, माझा जबडाच लहान आहे. बाबांवर गेलाय.’’

हे खोटं नाही. मॅडमनी खरंच सांगितलं होतं की वाकड्यातिकड्या दातांमागे एकच कारण क्वचित असतं, जबड्याचा आकार घराण्यातून येतो आणि माझ्या खालच्या दातांची गर्दी त्या दाढेच्या खात्यात टाकता येणार नाही. फक्त वरच्या डाव्या बाजूबद्दल त्या हे म्हणाल्या नव्हत्या. तेवढं मी गाळलं. एडिटिंग म्हणा.

‘‘पाऊस होता त्या दिवशी,’’ आई म्हणाली. ‘‘तुझे बाबा कोरेगावला ड्यूटीवर. तुला कडेवर घेऊन स्टँडपासून चालत गेले होते. तू रात्रभर रडलेलीस. डॉक्टर म्हणाले काढू, मी म्हटलं काढा. पुढे काही करायचं असतं, हे कुणी बोललंच नाही.’’

माझ्या गोष्टीत पाऊस नव्हता. कुल्फी होती.

ताई उठली आणि उगाचच ओटा पुसायला लागली. मग पाठमोरीच म्हणाली, ‘‘आणि बारावीनंतर माझी फी.’’

‘‘ए, गप गं,’’ मी म्हटलं. ‘‘तू इंजिनीअर झालीस म्हणून तर आज चौदा हजार भरलेस.’’

चिकू उठला तो थेट आमच्यात येऊन उभा राहिला. डॉक्टरांनी त्याला काढलेली दाढ एका इवल्याशा प्लास्टिकच्या डबीत दिली होती. ती उंदराला द्यायची, हे त्याला आजीने फोनवर सांगून ठेवलं होतं. आता ताईचा फ्लॅट चौदाव्या मजल्यावर. कौलं नाहीत, उंदीर सोसायटीच्या नियमात बसत नाहीत, आणि गच्चीला कुलूप. चिकू बाल्कनीतून फेकायला निघाला होता, खाली स्विमिंग पूल! आईने डबी काढून घेतली, पदराने पुसली आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली.

‘‘घरी नेते. आपल्याच कौलावर टाकते. तुझी टाकली होती तिथेच.’’

‘‘आजी, पण मला लगेच नको सांग नवा,’’ चिकू म्हणाला. ‘‘मॅडम म्हणाल्यात, दहा वर्षांचा झाल्यावर.’’

‘‘सांगते,’’ आई म्हणाली आणि पर्सची चेन लावली.